वेल्बी डॉक्टरांना माफ करण्याची एवढी घाई कशाला?

सांजवात

परवा ‘जुनाप्रेक्षक’ यांनी लिहिले की, सत्तरच्या दशकातील अमेरिकन वैद्यकीय मालिका काळाच्या पुढे होत्या; समलैंगिकतेचा विषय त्यांनी तेव्हा घरोघरी नेला, म्हणून आपण त्यांचे ऋण मानले पाहिजे. हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. दोन ओळींच्या प्रतिसादात ते मावणार नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

‘मार्कस वेल्बी, एम.डी.’ या प्रेमळ डॉक्टरच्या मालिकेचेच घ्या. २० फेब्रुवारी १९७३ च्या भागात मार्टिन लोरिंग नावाचा मध्यमवयीन गृहस्थ येतो. मधुमेह, दारू, खिन्नता, मोडत आलेला संसार, आणि या सगळ्याच्या तळाशी पुरुषांविषयीची ओढ. वेल्बी त्याला धीर देतात, पण तो असा की, ही ओढ दाबून धरलीस तर मुलाच्या नजरेत तुझा मान राहील. म्हणजे साखर जशी पथ्याने आटोक्यात ठेवायची, तसेच मनही! हे एखाद्या खलपात्राच्या तोंडी असते तर मी सोडून दिले असते. पण ही मालिका १९७०-७१ च्या हंगामात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती, आणि वेल्बी साकारणाऱ्या रॉबर्ट यंग या नटाला लोक आपल्या दुखण्यांवर सल्ला विचारणारी पत्रे पाठवत. अशा माणसाच्या तोंडचे वाक्य घरोघरी औषधाच्या चिठ्ठीसारखे जपले जाते.

पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर १९७४ ला, त्याच मालिकेत एक शिक्षक चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यावर अत्याचार करतो. वीस महिन्यांत दोन भाग. एकात रोगी, दुसऱ्यात गुन्हेगार. यातले नेमके कोणते ऋण मानायचे?

जुनाप्रेक्षक

सांजवातताई, माझ्या एका वाक्याचा आपण सविस्तर पंचनामा केलात, त्याबद्दल आभारी आहे. आता माझी बाजू ऐका.

फेब्रुवारी १९७३ मध्ये समलैंगिकता अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत विकार म्हणूनच नोंदलेली होती. ती वगळण्याचा निर्णय त्या वर्षीच्या डिसेंबरात झाला. तोही काही सदस्यांना इतका झोंबला की १९७४ मध्ये मतदान घ्यावे लागले, आणि ५८ टक्क्यांनी तो कसाबसा टिकला. ज्या प्रश्नावर खुद्द तज्ज्ञ मतपेट्या मांडून बसले होते, त्यावर मालिकेच्या लेखकाने दहा महिने आधी निकाल द्यायला हवा होता काय?

आणि कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची ‘मॅश’ ही मालिका आपण सोयीस्करपणे विसरलात. १६ फेब्रुवारी १९७४ च्या भागात जॉर्ज नावाचा समलैंगिक जखमी सैनिक येतो. त्याच्या अंगावर गोळीच्या जखमांखेरीज माराचे वळ आहेत, आणि ते त्याच्याच तुकडीतील लोकांनी उठवलेले आहेत. तिथला डॉक्टर फ्रँक बर्न्स त्याला बेअब्रू करून सैन्यातून काढायला निघतो. हॉकआय आणि ट्रॅपर हे त्याचे सहकारी डॉक्टर फ्रँकला अडवतात. तेव्हा मुंबई दूरदर्शन सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते, हे लक्षात घेऊन बोलावे.

सांजवात

‘मॅश’ विसरले नाही. उलट तो भाग कसा सुटतो ते तुम्ही सांगितले नाही. फ्रँकने वैद्यकीय परीक्षेची उत्तरे विकत घेतली होती, हे त्याच्याकडून वदवून घेतात आणि त्या जोरावर त्याचे तोंड बंद करतात. जॉर्ज वाचतो तो वरिष्ठाची कॉपी पकडली गेल्यामुळे. भाग प्रेमळ आहे, मान्य. पण ‘काळाच्या पुढे’ म्हणण्याआधी एवढे तरी पाहावे.

राहिली त्या अधिकृत सूचीची, म्हणजे पाठ्यपुस्तकाची सबब. मे १९७२ मध्ये डॅलसला याच मनोविकारतज्ज्ञांच्या अधिवेशनात फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन फ्रायर चेहऱ्यावर मुखवटा, डोक्यावर विग आणि अंगावर घोळदार टक्सेडो घालून, आवाज बदलणाऱ्या ध्वनिक्षेपकातून बोलले. मी समलैंगिक आहे आणि मनोविकारतज्ज्ञही आहे, असे त्यांनी सांगितले. नाव अर्थातच सांगितले नाही. ‘डॉक्टर अनामिक’ एवढीच ओळख होती. खऱ्या डॉक्टरला मुखवटा लागत होता, आणि पडद्यावरचा डॉक्टर उघड्या तोंडाने मन मारण्याचा सल्ला देत होता. लोरिंगच्या भागाविरुद्ध लोक न्यूयॉर्कला, मालिका दाखवणाऱ्या एबीसी वाहिनीच्या कचेरीत जाऊन धडकले होते. तेव्हा ‘त्या काळी कोणाला माहीत होते’ हे चालणार नाही. सांगणारे सांगत होते.

फिली_ते_फलटण

फिलाडेल्फियाचे नाव निघाले म्हणून लिहितो. माझे वडील १९७२ पासून तिथे एका रुग्णालयात रेसिडेंट होते. आई वेल्बी पाहून इंग्रजी शिकली. मंगळवारी रात्री दहाला आमच्या घरात कोणी खोकायचेसुद्धा नाही. १९७४ च्या त्या ऑक्टोबरातल्या मंगळवारी तिथल्या एबीसीच्या केंद्राने शिक्षकाचा तो भाग दाखवलाच नाही. आई वडिलांवर चिडली, जणू त्यांनीच अँटेना हलवला होता. दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिला कारण सांगितले. त्यावर ती एवढेच म्हणाली की, “आपले वेल्बी डॉक्टर असे काही करणार नाहीत.” भाग न पाहताच! सांजवातताईंचा विश्वासाचा मुद्दा मला तरी पटतो.

बॉस्टनच्या केंद्रानेही नकार दिला होता आणि काही जाहिरातदारांनी अंग काढून घेतले होते. समलैंगिकांच्या संघटनांच्या दबावामुळे केंद्रांनी भाग नाकारल्याचा हा अमेरिकेतला पहिला प्रसंग मानला जातो.

कडूकाढा

या शेवटच्या वाक्यावर कोणी थांबलेच नाही, याचे आश्चर्य वाटते. मी स्वतः डॉक्टर आहे, मला कोणी प्रतिगामी म्हणू नये. पण भाग प्रसारित होण्याआधी जाहिरातदारांना घाबरवून तो रोखणे हे आपल्याला इतके सहज पटते?

कारण हेच हत्यार पुढे उलटले. १९८८ मध्ये एबीसीवरच ‘हार्टबीट’ ही मालिका आली. तीत मॅरिलिन मॅकग्रा ही नर्स प्रॅक्टिशनर समलैंगिक होती, आणि ती एका भागापुरती पाहुणी नव्हती, नेहमीचे पात्र होती. लगेच पाद्री डोनाल्ड वाइल्डमन यांची धर्मनिष्ठ मंडळी जाहिरातदारांच्या मागे लागली. अठरा भागांत मालिका आटोपली. प्रेक्षकही कमी होते, हे प्रामाणिकपणे सांगतो. १९७४ मध्ये केले ते आंदोलन आणि १९८८ मध्ये केली ती झुंडशाही, असे कसे म्हणता येईल?

सांजवात

असेच म्हणता येईल, आणि मी म्हणते. १९७४ चा आक्षेप होता, आम्हाला मुलांवर अत्याचार करणारे म्हणून रंगवू नका. वाइल्डमन यांचा आक्षेप होता, ही बाई पडद्यावर असूच नये. पहिल्यात माणूस आपल्यावरचा आळ पुसतो, दुसऱ्यात दुसऱ्याचे अस्तित्व पुसतो. इतका साधा भेद एखाद्या डॉक्टरला कळत नसेल, तर त्यांच्या रुग्णांची मला काळजी वाटते.

कडूकाढा

माझ्या रुग्णांची काळजी करायला मी समर्थ आहे, धन्यवाद. भेद मला कळतो, जाहिरातदाराला कळत नाही. तो फक्त कोण जास्त ओरडतो ते ऐकतो. शिवाय एबीसीचे म्हणणे होते की, तो भाग बालकांवरील अत्याचाराविषयी आहे, समलैंगिकतेविषयी नाही. मुलग्यांवर अत्याचार होतात हे दाखवायचेच नाही का? माझ्या बाह्यरुग्ण विभागात अशी मुले पोटदुखीची तक्रार घेऊन येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलतात. त्यांच्याविषयी पडद्यावर कोणी बोलले तर मी त्याला थांबवणार नाही.

सांजवात

मुलांविषयीचे तुमचे म्हणणे मान्य आहे. वाक्य मघाशीच असे लिहिले असतेत तर माझी जीभ घसरली नसती. पण ज्या मालिकेने आधी लोरिंगला रोगी ठरवले, तिने हा विषय निर्मळ मनाने घेतला, यावर माझा विश्वास नाही.

मधलीसुट्टी

आपण सर्व जण फार अभ्यासपूर्ण लिहीत आहात. मी वेल्बी पाहिलेला नाही, पण मला ते भेटले आहेत.

१९९६ साली आई मला आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. टेबलावर औषध कंपनीचे कॅलेंडर होते, आणि डॉक्टर पूर्ण वेळ त्याचा कोपरा दुमडत आणि उलगडत होते. आवाज मात्र अत्यंत प्रेमळ होता. “व्यायाम कर, मन गुंतवून ठेव, लग्न झाले की सगळे जागेवर येईल.” त्यांनी पैसेही घेतले नाहीत. ते रागावले असते तर मी त्यांना केव्हाच विसरलो असतो. त्या प्रेमळपणामुळे मी सहा वर्षे त्यांचे ऐकले. एका मुलीचा साखरपुडा मोडण्याइतके ऐकले.

जुनाप्रेक्षकांच्या पाठ्यपुस्तकाविषयी एवढेच सांगतो की, आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘उपचार’ गैरवर्तन ठरवले ते २०२२ मध्ये. त्यानंतरही २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक’ गुन्ह्यांच्या यादीत आले, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतले गेले. पुस्तक कधी बदलते आणि कोणामुळे बदलते, ते कडूकाढा यांनीही पाहावे.

भावाने अमेरिकेतून ‘ईआर’ या रुग्णालयावरच्या मालिकेच्या तबकड्या आणल्या होत्या. त्यातली डॉक्टर केरी वीव्हर स्वतःविषयी लपवत राहते, म्हणून अग्निशमन दलातली सँडी सगळ्या सहकाऱ्यांसमोर तिचे चुंबन घेते आणि निघून जाते. मी ते दृश्य आवाज बंद करून पाहिले होते, कारण शेजारच्या खोलीत आई जागी होती. पुढे सँडी मरते, मुलाच्या ताब्यासाठी वीव्हरला सँडीच्या माहेरच्यांशी झगडावे लागते, ते सगळे मात्र मी आवाज लावून पाहिले. रडणे चालते आमच्या घरात.

जुनाप्रेक्षक

मधलीसुट्टी, आपल्या प्रतिसादानंतर ‘ऋण’ हा शब्द मी मागे घेतो. ‘काळाच्या पुढे’ हे मात्र ‘मॅश’पुरते ठेवतो, आणि त्यासाठी सांजवातताईंची परवानगी मागणार नाही.

कडूकाढा

मधलीसुट्टी यांचे म्हणणे वाचले. अभ्यासक्रम ओरड झाल्यामुळे बदलला हे खरे, आणि त्या ओरडीत मीही होतो. जाहिरातदारांविषयीचे माझे मत तरीही तेच आहे.