भाताच्या वाणांची चव : गुण द्यावेत की क्रम लावावा?

भातवेडा, ठाणे
मुरबाडच्या काही शेतकऱ्यांच्या निवडप्रयोगात भाताचे आठ वाण अंतिम टप्प्यात आले असून, शहरी ग्राहकांना त्यांपैकी कोणता रुचतो हे आम्हांला ठाण्यात तपासायचे आहे. नऊ बिंदूंच्या श्रेणीवर गुण मागितले, तर भिडेखातर सगळ्यांनाच सात-आठ मिळतात. आणि आठही वाट्या एकापुढे ठेवून क्रम लावायला सांगितले, तर पाचव्या वाटीनंतर जीभ दाद देत नाही. काय करावे?

संख्यामित्र, वाशी
प्रत्येकाला आठही वाण देण्याची गरजच नाही. तीनच द्यावेत आणि सर्वांत आवडता कोणता व सर्वांत नावडता कोणता, एवढेच विचारावे. मधला आपोआप ठरतो. आठांतून तिनांचे ५६ गट होतात. ५६ जणांना एकेक गट दिला, तर प्रत्येक वाण २१ जणांकडे जातो आणि प्रत्येक जोडी ६ वेळा समोरासमोर येते. हे अपुरे क्रम प्लॅकेट-ल्यूस या, क्रमांवरून पसंती मोजणाऱ्या संख्याशास्त्रीय प्रतिमानात घातले, की प्रत्येक वाण पहिल्या पसंतीस उतरण्याची शक्यता काढता येते. ब्रॅडली आणि टेरी यांनी १९५२ मध्ये जोड्यांसाठी मांडलेल्या प्रतिमानाचा हा विस्तार होय. शेतावरील वाणचाचण्यांत हीच मांडणी ‘ट्रायकॉट’ नावाने भारतातही वापरली गेली आहे.

सुगरण, डोंबिवली
गणित मान्य, पण भात शिजवणार कोण आणि कसा? नवा तांदूळ जुन्यापेक्षा चिकट होतो, त्यामुळे सर्व वाण एकाच हंगामातले हवेत. शिवाय अमायलोज (तांदळातील स्टार्चचा एक घटक) जास्त असलेला भात गरम असताना मोकळा आणि गार झाल्यावर कडक लागतो. वाट्या वाढायला वीस मिनिटे मागेपुढे झाली, तर तुमचे प्रतिमान वाणाऐवजी घड्याळ मोजेल. वाट्यांवर नावांऐवजी तीन अंकी सांकेतिक क्रमांक घालावेत आणि चाखण्याचा क्रम माणसागणिक बदलावा.

शेतमित्र, ऐरोली
क्रमातून कोण पुढे हे कळते, पण पहिला आलेला वाण मुळात विकत घेण्याजोगा आहे का, हे कळत नाही. म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम तुलनेसाठी नववा धरावा. तसेच पेजेसाठी तांदूळ घेणारे आणि डब्याला मोकळा भात हवा असणारे, यांची सरसकट सरासरी काढू नये. निकाल वेगवेगळे पाहावेत.

भातवेडा, ठाणे
आभारी आहे. पण नऊ वाण म्हणजे ८४ गट. आमच्याकडे चाखणारे साठच आहेत.

संख्यामित्र, वाशी
नऊ उलट सोयीचे आहेत. नऊ वाणांचे नेमके १२ गट असे पाडता येतात, की प्रत्येक जोडी एकदाच एकत्र येते. साठ जणांत त्याच्या पाच फेऱ्या होतील आणि प्रत्येक वाण २० जण चाखतील.