‘साबणाने हात धुता का?’ असं विचारून खरं कळतं का?

रानवाट
घरोघरी जाऊन आरोग्याच्या प्रश्नावल्या भरून घेणं हे गेली बरीच वर्षं माझं काम आहे. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालंय: लोकांच्या सवयी त्यांनाच विचारून मोजायच्या आणि आलेल्या टक्केवारीवर कार्यक्रम आखायचे, हे थांबलं पाहिजे.

एका घरातला प्रसंग सांगते. प्रश्न होता, ‘शौचानंतर साबणाने हात धुता का?’ बाई म्हणाल्या, ‘हो, दर वेळी.’ पुढे सूचना होती की हात धुण्याची जागा प्रत्यक्ष पाहावी. मोरीत साबणाची वडी होती, पण वेष्टनासकट. कागदाची कडसुद्धा फाडलेली नव्हती. मी दोन्हीकडे ‘होय’ लिहिलं, कारण ‘साबण आहे पण वापरात नाही’ असा रकानाच नव्हता. अहवालात ते घर स्वच्छतेच्या बाजूला मोजलं गेलं. अशी किती घरं मोजली गेली असतील, या विचाराने आजही अस्वस्थ होते.

गणिती
अनुभव खरा आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. विचारून काहीच कळत नसतं तर तंबाखू आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचं नातं इतक्या लवकर पक्कं झालं नसतं. १९५१ साली डॉल आणि हिल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे ५९,६०० डॉक्टरांना टपालाने एक छोटी प्रश्नावली पाठवली. धूम्रपान करता का, किती, कधीपासून, एवढंच. ४०,००० हून जास्त उत्तरं आली. १९५४ पर्यंत चित्र दिसू लागलं होतं. ही सगळी माहिती लोकांनी स्वतःच दिलेली होती.

तुमच्या प्रसंगात चूक विचारण्याची नाही, कशा पद्धतीने विचारलं त्याची आहे. ‘दर वेळी धुता का’ याला ‘नाही’ कोण म्हणेल? त्याऐवजी ‘आज सकाळपासून हात कधी कधी धुतले, कशाने धुतले’ असं विचारा आणि माणसाला आठवू द्या. उत्तरं बदलतात.

रानवाट
डॉक्टरांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एक तर १९५१ मध्ये सिगारेट ओढण्याची लाज नव्हती, त्यामुळे लपवायचं कारण नव्हतं. दुसरं, ती उत्तरं पुढे मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली. म्हणजे सांगितलेल्या शब्दाशेजारी एक न बदलणारी नोंद उभी होती. आमच्या प्रश्नावलीत शब्दाशेजारी दुसरा शब्दच असतो.

दारूचं बघा. सर्वेक्षणात लोकांनी सांगितलेलं मद्य एकत्र केलं तर कितीतरी देशांत ते विक्रीच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास भरतं. उरलेलं कोण प्यायलं? आणि समोर मी बसलेली, शेजारी घरातलं मोठं माणूस कान देऊन. गर्भनिरोधन, मारहाण, क्षयाच्या गोळ्या सोडणं, यातलं काय खरं बाहेर येणार?

मधली सुट्टी
मग मुलाखतकारच नको! मोबाईलवर फॉर्म पाठवा. समोर कोणी नाही, म्हणजे लाज नाही. हजार घरांऐवजी लाखो उत्तरं मिळतील, एवढ्या आकड्यात चुका आपोआप बुडून जातात.

गणिती
हाच गैरसमज सगळ्यात महागात पडतो. चूक एकाच दिशेची असेल तर ती आकड्याने बुडत नाही, उलट पक्की होते. अमेरिकेत २०२१ मध्ये कोविड लसीबाबत फेसबुकवरून सर्वेक्षण चालायचं, आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं यायची. मे महिन्यात पहिला डोस घेतलेल्यांचं प्रमाण त्यात प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के अंकांनी जास्त दिसत होतं. त्याच काळात जेमतेम हजार जणांचं, पण नमुना नीट निवडलेलं सर्वेक्षण वास्तवाच्या खूप जवळ होतं. फॉर्म भरणारे आणि न भरणारे हे मुळात वेगळे लोक असतात. म्हणून रानवाट यांच्यासारखी दार वाजवणारी माणसं लागतात, आणि दार बंद मिळालं तर शेजारचं घर न घेता त्याच घरी पुन्हा जाणारी लागतात.

उंबरा
मी उत्तरं देणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे आजवर तीनदा सर्वेक्षणवाले आले. नाव, वय, आजार, शौचालय, सगळं लिहून नेलं. काय निघालं ते सांगायला कोणीही परत आलं नाही. संमतीपत्र भरभर वाचून सही घेतली. अशा माणसाला मी मनातलं का सांगावं? लोक खोटं बोलतात असं इथे सहज म्हटलं जातंय, ते मला टोचतं. माणूस स्वतःला सांभाळत असतो.

गणिती
उंबरा, तुमचं म्हणणं मान्य. सांभाळूनही खरं सांगता यावं म्हणून १९६५ मध्ये वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञांनी एक युक्ती मांडली. तिचं सोपं रूप असं: उत्तर देणाऱ्याने लपवून नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. १०० जणांत ६० ‘हो’ आले, तर साधारण ५० नाण्याचे, म्हणजे उरलेल्या ५० पैकी १० खरे. प्रमाण निघालं २० टक्के, आणि कोणाचं गुपित मुलाखतकारालाही कळलं नाही. अंदाज थोडा ढोबळ होतो, म्हणून माणसं जास्त घ्यावी लागतात.

रानवाट
नाण्याची पद्धत मी एकदा वापरली आहे. निम्मा वेळ ती समजावण्यातच गेला, आणि छापा येऊनही काहींच्या तोंडून ‘हो’ निघेना. तरी ‘थांबलं पाहिजे’ हा माझा शब्द मी मागे घेते. सवयीचा आकडा नुसत्या उत्तरावर छापू नये, सोबत पाहिलेलं किंवा मोजलेलं काहीतरी हवंच, यावर मात्र ठाम आहे. आणि उंबरा, निकाल परत नेऊन सांगण्याचा खर्च आमच्या एकाही अंदाजपत्रकात कधी धरलेला नव्हता. ते चुकतंय.

उंबरा
त्या घरात साबण तसाच का पडून होता, हे विचारलंत का?

रानवाट
नाही विचारलं. दाराशी दोन भरलेल्या बादल्या होत्या, पाणी बाहेरून आणत असावेत. प्रश्नावलीत पाण्याबद्दल ‘स्रोत कोणता’ एवढंच होतं. स्रोत सुरक्षित होता, मी खूण केली आणि पुढच्या घरी गेले.