ब्लाऊटॉप्फचं पाणी इतकं निळं कसं? आणि आपल्या ठाण्याच्या येऊर डोंगराला असा झरा का नाही?

येऊरकर
माझी बहीण जर्मनीत उल्मला असते, तिने जवळच्या ब्लाऊबॉयरेन गावातल्या ब्लाऊटॉप्फ नावाच्या कुंडाचे फोटो पाठवलेत. मागे उभा डोंगर, दाट झाडी आणि खाली गडद निळं पाणी, फिल्टर वगैरे काही लावलेला नाही म्हणते आणि त्याच कुंडातून ब्लाऊ नदी निघते म्हणे. येऊरला पावसाळ्यात जागोजागी झरे वाहतात पण उन्हाळा आला की बहुतेक आटतात, मग तिकडे बारा महिने एवढं पाणी येतं कुठून?

खडकवेडा_वाशी
रंग अगदी खरा आहे. तो डोंगर चुनखडीचा, आणि पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होतं, मग ते चुनखडी विरघळवत भेगा रुंद करत जातं आणि लाखो वर्षांत त्यांच्या गुहा होतात. म्हणून वर पठारावर ओढे फारसे दिसतच नाहीत, सगळं पाणी डोंगराच्या पोटात जातं आणि पायथ्याला एकदम वर येतं. कुंड साधारण 21 मीटर खोल, सरासरी सेकंदाला 2,000 लिटरच्या वर पाणी, पूर आला की 30,000 च्याही वर!! पाणी लाल प्रकाश शोषतं आणि त्यात चुनखडीचे अतिसूक्ष्म कण असतात ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून तो रंग.

येऊरचा खडक बसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो असा विरघळत नाही, त्यामुळे गुहा होत नाहीत, पाणी फक्त भेगांत आणि मुरमात मावतं, म्हणून लवकर संपतं.

मेधा_कोपरी
छान सांगितलंत. मला मात्र त्यातली काळजीची बाजू फार महत्त्वाची वाटते. मातीतून हळूहळू मुरणारं पाणी गाळलं जातं, गुहांतून धावणारं नाही, म्हणजे पठारावरच्या शेतातलं खत, सांडपाणी, जे काही असेल ते काही दिवसांत थेट झऱ्यात. तिकडे पठारावरच्या विवरांत रंग सोडून तो कुठल्या झऱ्यातून निघतो ते बघतात, त्यावरून त्या झऱ्याचं पाणलोट क्षेत्र ठरतं आणि तेवढं जपलं जातं. आपल्याकडे येऊरच्या पायथ्याच्या उपवन तलावाच्या काठाची सजावट होते पण वरच्या डोंगरावरून काय वाहून येतं ते कोण बघतं? तलाव वाचवायचा तर तिथूनच सुरुवात हवी ना.

येऊरकर
खूप आभार दोघांचे! महाराष्ट्रात अशी चुनखडी कुठेच नाही का? आणि बहिणीकडे गेलो तर कधी बघायला जावं?

खडकवेडा_वाशी
आहे की, यवतमाळ-चंद्रपूर भागात, वणी-कोरपनाकडे. त्याच चुनखडीवर तिथले सिमेंट कारखाने चालतात. पण गुहा बघायच्या तर मेघालय, नाहीतर आंध्रातलं बेलम.

ब्लाऊटॉप्फला चार-पाच दिवस कोरडे गेल्यावर जा, जोरदार पाऊस झाला किंवा बर्फ वितळलं की पाणी गढूळ हिरवट-तपकिरी होतं. उल्महून ट्रेन आहे. पोहायला बंदी आहे आणि पाणी बाराही महिने 9-10 अंशांच्या आसपास. काठाला जुनी पाणचक्कीवर चालणारी लोहारशाळा आहे, तीही बघा.