घरातली मोडतोड, दुरुस्त्या आणि साठी-सत्तरीतले आपण

अबोली:
काल रात्री शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं, स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालंय, येतेस का?" भिंतीतला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून फुटला होता. काका ८५ च्या पुढचे, काकूंचे गुडघे गेलेले. मेन कॉक माळ्यावर टाकीपाशी, शिडीवर चढल्याशिवाय हात पोचत नाही. मी चढून बंद केला, पाणी उपसलं, घरी आले तर झोप लागेना. सारखी आई डोळ्यांसमोर.

बाबा गेल्यावर आई साताऱ्याच्या घरात एकटीच राहायची. काही बिघडलं तरी सांगायची नाही. दिवाळीला गेलो की कळायचं, गीझर कधीचाच बंद आहे आणि ती गॅसवर पाणी तापवून बादली उचलून नेते. का नाही सांगितलंस विचारलं की "चाललंय की." कारण खूप उशिरा उमगलं. नळ गळतो म्हटलं की दादा म्हणायचा, "बास झालं आता, इकडेच ये." म्हणून तिनं नळाबद्दल बोलणंच सोडलं होतं.

ज्यांच्या आईवडिलांकडे असं चाललंय, किंवा जे स्वतः या वयात घर सांभाळताय, त्यांनी लिहा. काय मोडलं, कोण धावून आलं, काय सोय केलीत.

चिंचेचं झाड:
अगदी अगदी! सासूबाईंचं सेम. फ्रिजचं दार लागत नव्हतं तर पुढ्यात स्टूल लावून ठेवलं होतं त्यांनी. दाराचं रबर बदलायला माणूस घरी येतो हे माहीतच नव्हतं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

खटका:
मी वीज खात्यातून निवृत्त. सगळ्यांना हात जोडून सांगतो, मेन बोर्डावर आरसीसीबी आहे का ते आधी बघा. एमसीबी वेगळा, तो वायरिंग वाचवतो. माणसाला शॉक बसू लागला की वीज तोडतो तो आरसीसीबी, घरासाठी ३० मिलीअँपिअरचा. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्या-दोन महिन्यांनी दाबायचं. खटका पडला पाहिजे, नाही पडला तर बदला. गीझर लावला की खटका पडतो म्हणून कित्येक घरांत तो काढूनच टाकतात. असं करू नका. बहुतेक वेळा बोअरच्या क्षारानं गीझरची कॉइल गेलेली असते, ती बदलली की काम झालं. बाहेर लाइनवर बिघाड असेल तर १९१२. आणि ट्यूब बदलायला साठीनंतर स्टुलावर चढायचं नाही.

वैनगंगा:
काका, तुमचं ते आरसीसीबीचं वाक्य प्रत्येक कूलरवर चिकटवायला पाहिजे. नागपुरात दर उन्हाळ्यात पेपरात असतंच, कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेले म्हणून. आमचे आईबाबा दोघंच राहतात, खिडकीत लोखंडी कूलर होता. भाऊ भांडला आणि प्लास्टिक बॉडीचा घेतला. आधी पिन काढायची, मग पाणी, एवढी सवय बाबांना लावली. कूलरच्या ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) बदलायला मात्र माणूस लागतोच आणि एप्रिलमध्ये तो आठ-आठ दिवस येत नाही. आम्ही होळीच्या आधीच बोलावतो.

सुपारीबाग:
दापोलीजवळ जांभ्याचं घर, मंगळुरी कौलं. मी ७३, ही ६९. पावसाआधी कौलं चाळायला पूर्वी वाडीतली पोरंच यायची, आता सगळी मुंबईला. जो गडी मिळतो त्याच्या सवडीनं आपण.

२०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा पडवीवरची कौलं उडाली, माजघरात पाणी, वीज यायला महिना उलटला. कौलं मिळेनात, सगळ्या तालुक्यालाच हवी होती. तेव्हापासून गोठ्यात जुनी कौलं रचून ठेवतो. आढ्यावरची वेगळी असतात, तीही. वाळवीसाठी चैत्रात प्रत्येक वासा ठोकून बघतो, पोकळ आवाज आला की सुताराला निरोप. माकडांचं काय करायचं ते मात्र कुणी सांगा, एका उडीत चार कौलं जातात.

मुलगा म्हणतो, पत्रे घाला. मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढून बघ म्हटलं. मुलांनो, घर सोडा म्हणण्यापेक्षा मे महिन्यात चार दिवस रजा काढून या आणि गड्याबरोबर उभे राहा. आम्हाला तेवढंच हवं असतं.

अबोली:
सुपारीबाग काका, हे आत्ताच दादाला पाठवलं.

तिसरा मजला:
फ्लॅटमध्ये सुख आहे असं समजू नका. आमची बिल्डिंग ३५ वर्षांची. वरच्या बाथरूममधून आमच्या बेडरूमचं छत ओलं, पोपडे पडतात. वर भाडेकरू, मालक परदेशात, सेक्रेटरी म्हणतात तुमचं तुम्ही बघा. ओल आल्यापासून ह्यांचा दमा वाढलाय. रात्र रात्र बसून असतात.

हिशेबनीस:
ताई, मी सोसायटीचा खजिनदार होतो. तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) बाहेरची पाइपलाइन, पावसाचं पाणी यांची गळती सोसायटीच्या खर्चानं. वरच्यांच्या बाथरूमच्या आतली असेल तर त्यांच्या खर्चानं. ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करायचं असतं, ते झालंय का हेही त्याच अर्जात विचारा.

तिसरा मजला:
फार आधार वाटला. आजच लिहिते.

चिंचेचं झाड:
पलंग दुसऱ्या खोलीत हलवलात का? आधी तेवढं करा. काळजी घ्या दोघंही.

मेपल:
आम्ही मिशिगनला. इथे जानेवारीत घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला की पाइप गोठून फुटायची भीती. नळ बारीक धारेनं सुरू ठेवायचे, सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची. इथल्या मराठी मंडळातल्या एका मुलानं रात्री हीटर आणून दिला, त्याचे उपकार विसरणार नाही. आणि तिकडे ठाण्यात आई एकटी. बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याकडे एक किल्ली ठेवलीय. दार आतून अडकलं, दिवे गेले, धावून जातो तो तोच.

निरांजन:
हे होते तोवर मी मेन स्विचला हात लावला नव्हता. आता सगळं मीच बघते. नातवानं मेन कॉक, रेग्युलेटर, प्रत्येक एमसीबी, सगळ्यांवर मोठ्या अक्षरांत मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्यात. गॅसची केशरी नळी ५ वर्षांनी बदलायची. वास आला तर १९०६, तो नंबर भिंतीवरच लिहिलाय. आणि मैत्रिणींनो, मिक्सर अचानक थांबला तर उलटा करून बघा, खाली लाल बटण असतं. थोडा थंड होऊ द्या, बटण दाबा. भिशीत सांगितलं तर एकीचा माळ्यावर टाकलेला मिक्सर सुरू झाला!

वैनगंगा:
लाल बटण!! आत्ता दाबलं, आमचा पण सुरू झाला. जवसाची चटणी करते आता.

चिंचेचं झाड:
जवसाची कशी करता? लसूण कच्चा की भाजून?

वैनगंगा:
कच्चाच. जवस मात्र मंद आचेवर, तडतडेपर्यंत.

पर्वतीपायथा:
पुण्यात जुन्या पितळी नळाचे स्पिंडल (आतला फिरणारा आट्यांचा दांडा) कुठे मिळतील? प्लंबर म्हणतो अख्खा नळच बदला. वडिलांनी बसवलेला आहे, टाकवत नाही.

हिशेबनीस:
बोहरी आळीत विचारा. जुना स्पिंडल काढून नमुन्याला बरोबर न्या, आटे जुळले पाहिजेत.

पर्वतीपायथा:
धन्यवाद. आणि तो काढून देणारा माणूस?

अबोली:
आहे एक, काल काकूंचा पाइप त्यानंच जोडला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. सकाळी दहाच्या आत फोन करा, नंतर उचलत नाही.