आईच्या डोळ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन: कुठलं घ्यावं? तातडीने मदत हवी

निशा_सांगली: आईला (वय ६१) युव्हीआयटिस आहे, म्हणजे डोळ्याच्या आत दाह. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आलीय, ओसीटी स्कॅनमध्ये जाडी ४८० मायक्रॉन. थेंबांनी उतरत नाहीये. सांगलीचे डॉक्टर म्हणतात डोळ्याच्या बाजूने ट्रायअॅमसिनोलोन देऊ, पुण्याचे म्हणतात थेट डोळ्यात ओझर्डेक्स बसवू. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोमवारची वेळ घेतलीय. तिला पेपरातल्या ओळी मध्येच वाकड्या दिसतात, चहा गाळताना कपाबाहेर सांडतो. बघवत नाही. कोणी घेतलंय का? लवकर सांगा.

माधव_चिपळूण: डोळ्याचं प्रेशर किती? घरात कोणाला काचबिंदू? टीबीची तपासणी झाली का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

प_कुलकर्णी: माझ्या आईच्या पडद्याला डायबेटिसमुळे सूज होती. डोळ्यात अवॅस्टिनचं इंजेक्शन दिलं, मस्त उतरली, स्वस्तही पडतं. तेच मागा.

माधव_चिपळूण: कुलकर्णी, तो आजार वेगळा. युव्हीआयटिसच्या हट्टी सुजेवर मेरिट नावाची चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. त्यात अवॅस्टिनच्याच जातीचं रॅनिबिझुमॅब डेक्सामेथासोनच्या मागे पडलं. ओझर्डेक्स म्हणजे तेच डेक्सामेथासोन.

रेवा_दादर: मी दोन्ही घेतलीयत. बाजूच्या इंजेक्शनने थोडा फरक पडला, ओझर्डेक्सने पुष्कळ. २०१९ च्या पॉइंट चाचणीतही तेच दिसलं: आठ आठवड्यांत बाजूच्या इंजेक्शनने जाडी २३ टक्के कमी झाली, डोळ्यात दिलेल्या ट्रायअॅमसिनोलोनने ३९, ओझर्डेक्सने ४६. पण असर तीन-चार महिन्यांत ओसरतो. माझं प्रेशर वाढलं, थेंब घालावे लागले. शेवटी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू झालं तेव्हा कुठे सूज परत येणं थांबलं.

वैद्यप्रेमी: स्टिरॉइडच्या नादी लागू नका. नेत्रतर्पण (डोळ्यांवर औषधी तूप धरणं) करा, माझ्या मावशीचा चष्म्याचा नंबर उतरला.

रेवा_दादर: चष्म्याचा नंबर आणि पडद्याची सूज यांचा संबंध काय? सूज जास्त दिवस राहिली तर गेलेली नजर परत येत नाही. कृपया इथे असलं सुचवू नका.

निशा_सांगली: प्रेशर १६. काचबिंदू कोणालाच नाही. मॅन्टू आणि छातीचा सीटी झालाय, टीबी नाही. स्टिरॉइडने मोतिबिंदू होईल ही भीती नाही, त्याचं ऑपरेशन आधीच झालंय. तेव्हा लेन्स लगेच बसली नव्हती, नंतर पुन्हा आत नेऊन बसवली. आता सांगा, कुठलं?

माधव_चिपळूण: थांबा, हे आधी सांगायला हवं होतं. लेन्स नंतर बसवली म्हणजे लेन्स जिच्यात बसते ती पिशवी बहुधा मागून फाटली असणार. ओझर्डेक्स ही ६ मिलिमीटरची बारीक कांडी असते. पिशवी फाटलेली असेल तर ती घसरून पुढे येते, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला घासते आणि तो सुजतो. डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर ‘पीसी रेंट’ (मागची पिशवी फाटली) किंवा ‘सेकंडरी आयओएल’ (लेन्स नंतर बसवली) लिहिलंय का बघा.

प_कुलकर्णी: पुण्याचे डॉक्टर मशीनवर बघतीलच की. उगाच कशाला घाबरवता?

माधव_चिपळूण: युव्हीआयटिसमध्ये बाहुली आत चिकटून बसते, नीट मोठी होत नाही. मग मागचं कधी दिसतं, कधी नाही. सांगायला काय जातंय?

निशा_सांगली: कार्ड मिळालं. ‘पीसी रेंट’ आहे! पुण्याला फोन केला, फोटो पाठवा म्हणाले. पाठवलाय. आता बाजूचंच घ्यायचं का?

रेवा_दादर: ते डॉक्टरच ठरवतील. ट्रायअॅमसिनोलोन डोळ्यातही देतात, ते पातळ असतं, कांडी नाही. तो पर्याय विचारा. कुठलंही घेतलं तरी प्रेशर तपासायला पुन्हापुन्हा पुण्याला जाऊ नका, सांगलीत होतं ते. पण इंजेक्शननंतर डोळा दुखून लाल झाला किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दाखवा, रविवार असला तरी.

वैद्यप्रेमी: तर्पण सोबतीने करायला काय हरकत आहे?

माधव_चिपळूण: निशाताई, टीबीचं झालं, सिफिलिसची रक्ततपासणी झालीय का? तोही युव्हीआयटिस करतो. रिपोर्ट फाईलमध्ये आहे का पाहून इथे लिहा.