पत्रकारिता दोन भाषांतून शिकावी का? सल्ला हवाय

निशिगंध:
पत्रकारितेच्या पदवीला प्रवेश घेतलाय. बातमीलेखनाचे पेपर फक्त मराठीतून, फक्त इंग्रजीतून किंवा दोन्हींतून घेता येतात. दोन्ही घेतले तर असाइनमेंट जवळजवळ दुप्पट. वर हिंदी ऐच्छिक आहे. इंग्रजी भरपूर वाचते, पण लिहिताना अडखळते. बाबांचं मत ठाम: एक ना धड भाराभर चिंध्या. मला मात्र दोन्ही सोडवत नाहीत. क्षेत्रातले कोणी आहेत का इथे?

पेनवाला:
घेऊन टाक. बाकी जाणकार सांगतीलच. वाचनखूण साठवली आहे.

अर्धविराम:
बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर, आलेल्या बातम्या तपासून पानात लावण्यात काढली आहेत, त्यातली निम्मी इंग्रजी कॉपीची (म्हणजे बातमीच्या मजकुराची) मराठी करण्यात. म्हणून आधी एक विचारून ये: इंग्रजीच्या असाइनमेंटला वेगळी बातमी आणायची असते, की मराठीत दिलेलीच उलथून द्यायची? दुसरं असेल तर तो भाषांतराचा पेपर झाला, बातमीचा नव्हे. त्यासाठी दुप्पट राबू नकोस.

फरक कुठे पडतो सांगतो. एका रात्री वृत्तसंस्थेची कॉपी आली, एका महिलेच्या 'ब्रदर-इन-लॉ'ला पोलिसांनी ताब्यात घेतल्याची. इंग्रजीत बातमी पूर्ण होती. मराठीत पहिल्याच ओळीला गाडी अडली: दीर, की बहिणीचा नवरा? पान सोडायची घाई, मी 'दीर' ठोकून दिलं. निघाला बहिणीचा नवरा. दुसऱ्या दिवशी सासरच्या मंडळींचे फोन, आणि आमचा चार ओळींचा खुलासा. तसंच 'स्पोक्सपर्सन'चं. इंग्रजीत कोण बोललं ते झाकून जातं, मराठीत क्रियापद लिहायला गेलं की 'म्हणाले' की 'म्हणाल्या' हे कळल्याशिवाय वाक्य संपत नाही. घटनास्थळी गेलेल्या बातमीदाराच्या डोक्यात मराठी असती तर त्याने हे तिथेच विचारलं असतं. दोन भाषांत बातमी लिहिणाऱ्याच्या वहीत प्रश्न जास्त असतात, एवढाच माझा अनुभव.

कागदी_घोडा:
अर्धविरामांशी सहमत, पण उलटी बाजूही आहे. आपल्या मराठी बातमीत 'असे समजते', 'असे सांगण्यात आले' यांचा सुकाळ. कोणाला समजलं, कोणी सांगितलं? इंग्रजी पेपरला आमच्या मॅडम अशा प्रत्येक वाक्याला लाल गोल करायच्या आणि समासात एकच शब्द लिहायच्या: 'कोण?' पहिल्या महिन्यात माझी पानं गोवर उठल्यासारखी दिसायची. ती सवय मग मराठीतही आली. त्यामुळे इंग्रजी अडखळत असली तरी घे.

आणि वहीत अवतरण ज्या भाषेत ऐकलंस त्याच भाषेत उतरव. उभ्या उभ्या भाषांतर करून लिहिलंस तर संध्याकाळी मूळ शब्द शोधूनही सापडत नाहीत.

तिरपागडा:
हिंदी 'सोपी आहे, स्कोअरिंग आहे' म्हणून घेणार असशील तर जपून. आमच्या वर्गात एकाने लिहिलं, 'मंत्री ने राजीनामा दिया'. सरांनी शांतपणे विचारलं, समझोता कोणाशी झाला? हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद, आपला राजीनामा म्हणजे त्यांचा इस्तीफा. 'शिक्षा'चं तर सगळ्यांना माहीतच आहे. लिपी एक असल्यामुळे पाय घसरल्याचं कळतही नाही.

जुनी_पानं:
थोडं अवांतर, पण कामाचं. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ साली निघालं तेच द्विभाषिक, एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. पुढे १८८१ मध्ये टिळक-आगरकर मंडळींनी वेगळी वाट धरली: 'केसरी' मराठीत, 'मराठा' इंग्रजीत, दोन स्वतंत्र पत्रं. तुझा अभ्यासक्रम दर्पणछाप आहे की केसरी-मराठाछाप, हाच अर्धविरामांचा प्रश्न. माझं मत दुसऱ्याला.

तिसऱ्या भाषेबद्दल: गांधीजींचं 'इंडियन ओपिनियन' १९०३ मध्ये इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि तमिळ अशा चार भाषांत सुरू झालं. १९०६ मध्ये हिंदी आणि तमिळ विभाग बंद करावे लागले. तू तर एकटी आहेस.

निशिगंध:
सगळ्यांचे आभार! आज विभागात विचारून आले. दोन्ही भाषांना बीट (बातम्या आणायचं ठरलेलं क्षेत्र) वेगळं, बातम्या वेगळ्या, आणि पहिल्या सत्रानंतर एक भाषा सोडता येते. हिंदीवर काट मारली (तिरपागडा, जबाबदारी तुमची). टायपिंगचं काय करू? सध्या रोमनमधून मराठी उमटवते.

अर्धविराम:
चालतंय, पण इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी शिकून घे. सुरुवातीला बोटं रडतील, मग वेग येतो. बहुतेक भारतीय लिप्यांना मांडणी तीच असल्यामुळे उद्या गुजराती टाइप करायची वेळ आली तरी क-ख शोधत बसावं लागत नाही. आणि पहिलं सत्र संपेपर्यंत कुठलीच भाषा सोडू नकोस. आधी जी जड जाते, तीच सोडाविशी वाटते.

पेनवाला:
बाबांचं काय झालं पण?

निशिगंध:
त्यांना केसरी-मराठाचं सांगितलं. आगरकर 'केसरी' बघायचे, टिळक 'मराठा', हेही सांगून बसले. म्हणाले, "म्हणजे तिथेसुद्धा माणसं दोन होती ना?"