सहलीचे फोटो कमी पण स्क्रॅपबुकच्या कामाचे कसे काढावेत? सल्ला हवा आहे

पानोपानी
नमस्कार मंडळी. लवकरच आम्ही सगळे फिरायला निघतोय: मी, नवरा, दोन मुली आणि सासूबाई. आल्यावर सहलीचं स्क्रॅपबुक हातानेच करायचं हे पक्कं आहे. १२ बाय १२ इंचांचा अल्बम, कागद, चिकटपट्ट्या सगळं घरात तयार आहे. गाडी अडते ती फोटोंपाशी. आम्ही तिघं तीन फोनवर सारखे फोटो काढत असतो. घरी येऊन बघावं तर सूर्यास्ताचेच ढीगभर, आणि सासूबाईंचा मात्र एकही धड नाही. निवडता निवडताच जीव थकतो आणि पानं करायची राहून जातात.

फोटो मुळातच कमी आणि पानावर लावण्याजोगे यावेत म्हणून तुम्ही काय करता? वेगळा कॅमेरा घ्यायचा नाहीये, फोनवरच काढणार.

शाईपेन
आधी पानं ठरवा, मग फोटो.

दिवसाला समोरासमोरची दोन पानं धरा. १२ बाय १२ च्या पानावर ४ बाय ६ चे तीन फोटो लावले की शीर्षक, मजकूर आणि एखादं तिकीट यांना पुरेशी जागा उरते. म्हणजे दिवसाचे सहा फोटो झाले. ही संख्या डोक्यात ठेवून बाहेर पडलं की नजरच बदलते. फोन वर उचलण्याआधी 'हा पानावर कुठे जाईल?' हा प्रश्न आपोआप पडतो.

दुसरं म्हणजे अंतर. ढीग होतो तो बहुतेक वेळा एकाच अंतरावरून काढलेल्या फोटोंचा. सगळे जण कंबरेपर्यंत आणि मागे काहीतरी प्रेक्षणीय, असे दहा फोटो एका पानावर लावले तर पान मुकं वाटतं. एका जागेचे तीनच काढा. एक लांबून: सगळा किनारा आणि त्यात तुमची माणसं चिमुकली. एक मधून: मुली लाटेपासून पळताहेत, पायापासून डोक्यापर्यंत दिसताहेत. आणि एक अगदी जवळून: आजीच्या एका हातात तिच्या चपला, दुसऱ्या हातात धाकटीच्या, आणि दोन्हींच्या पट्ट्यांना चिकटलेली ओली वाळू. लांबचा मोठा छापायचा, जवळचा लहान चौकोनी कापायचा. पान तिथेच निम्मं तयार होतं.

सूर्यास्ताचा एकच काढा, आणि त्यात माणूस हवाच. नुसता सूर्य पुढच्या सहलीतही तसाच दिसणार आहे.

रानवारा
शाईपेन, तीन अंतरांना जोरदार अनुमोदन. संख्येच्या मर्यादेला मात्र नाही. लहान मुलं बरोबर असताना सहा फोटोंत भागत नाही. एकीचे डोळे मिटलेले, दुसरी चौकटीबाहेर, हे होणारच. माणसांचे फोटो हात न आखडता काढा. हात आखडायचा तो इमारती, डोंगर आणि फुलं यांच्या बाबतीत.

माझ्या मते खरा उपाय त्याच रात्री निवड करण्याचा. झोपण्यापूर्वी दिवसभराचे फोटो एकदा सरकवत जायचे आणि आवडलेल्यांवर हृदयाची खूण करायची. लगेच पुसायला बसू नका. त्यात वेळही जातो आणि वादही होतात. अगदी सारखे दोन असतील तर दोघांतला एक निवडायचा. दहांतून एक निवडण्यापेक्षा दोघांतून एक निवडणं फार सोपं असतं. घरी आल्यावर फक्त खुणा केलेले उघडायचे, बाकीचे राहू देत तिथेच.

तीन फोन ही तुमची मूळ अडचण आहे असं मला वाटतं. रोज एकाकडेच फोटोंचं काम द्या. आज नवरा, उद्या मोठी मुलगी, परवा तुम्ही. इतरांचे फोन खिशात. यात मोठा फायदा असा की रोज फोटो काढणारं माणूस बदलतं, त्यामुळे प्रत्येक जण कधी ना कधी फोटोत येतो. एरवी आईच अल्बममधून गायब असते.

तळटीप
छपाईच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

फोनचा फोटो सहसा ४:३ प्रमाणात येतो आणि ४ बाय ६ चा कागद असतो ३:२. त्यामुळे पूर्ण कागद भरून छापताना आडव्या फोटोच्या उंचीचा नववा हिस्सा कापला जातो. कापली जातात ती नेमकी उंच माणसाची टाळू किंवा पुढे बसलेल्यांची पावलं. म्हणून वर-खाली थोडी मोकळी जागा ठेवूनच काढा. शीर्षक लिहायला आकाश किंवा भिंत हवी असेल तर आणखी सोडा.

४ बाय ६ इंचांना ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून) १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनमधून हे सहज मिळतात. पण दूरची वेगळी लेन्स नसलेल्या फोनवर बोटांनी चौपट झूम केलं की खऱ्या पिक्सेलांतला सोळावा भागच उरतो. तेवढ्यात ४ बाय ६ सुद्धा नीट छापून येत नाही. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा.

घरच्यांकडून फोटो व्हॉट्सॲपवर घेणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आकसलेला फोटो हाती येतो.

सांजवेळ
संग्रहालयात जाणार असाल तर एक सांगावंसं वाटतं. फेअरफिल्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा संग्रहालयातला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा ही घट दिसली नाही. शाईपेन म्हणतात तो जवळचा फोटो मला म्हणूनच पटतो. पुतळा अख्खा घेऊ नका, त्याच्या हाताची बोटं घ्या. त्यासाठी पुतळ्याकडे नीट बघावं लागतं.

आणि प्रत्येक गोष्टीला फोटो लागत नाही. नकाशा, तिकीट, माहितीपत्रक जपून आणा, एका फोटोची जागा वाचते. थर्मल कागदावरचं गुळगुळीत तिकीट मात्र काही काळाने पुसट होतं. त्याची झेरॉक्स काढून तीच चिकटवा.

पानोपानी
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पाळीपाळीने फोटो ही कल्पना घरात ऐकवली, मोठी आत्ताच पहिला दिवस मागतेय. आता फक्त सासूबाईंचं सांगा. कॅमेरा दिसला की त्या ताठ उभ्या राहतात, हात बाजूला, चेहरा गंभीर. जबरदस्ती करायला आवडत नाही.

रानवारा
त्यांना उभं करूच नका. हातात काहीतरी काम असताना काढा: नकाशा बघताना, नातीची वेणी घालताना, चष्मा पुसताना. आणि 'इकडे बघा' म्हणायचं नाही. नातीला त्यांच्याशी बोलायला सांगा आणि दोघींना एका चौकटीत घ्या. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून झाडाखाली किंवा दाराच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसल्या असतील ती वेळ साधा.

एक मात्र कराच. त्यांचा तो ताठ उभा फोटोही एक काढा आणि पानावर लावा. त्यांना स्वतःला तोच आवडत असेल, आणि अल्बम त्यांचाही आहे.

पानोपानी
हे फार आवडलं. एक शेवटचं: मजकूर परत आल्यावर लिहिता की तिथेच?

शाईपेन
तिथेच. रात्री खुणा करताना प्रत्येक फोटोसाठी एक ओळ फोनच्या नोंदवहीत टाका, कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. तारीख आणि वेळ फोन ठेवतोच, बोललेलं ठेवत नाही. पानावर उतरवताना पिगमेंट शाईचं पेन घ्या, साध्या शाईइतकं ते फिकट पडत नाही. फोटोच्या मागे लिहायचं असेल तर कडेला लिहा आणि वाळेपर्यंत एकावर एक रचू नका, मागची शाई पुढच्या फोटोवर उमटते.